मे महिन्यात जाग आलेली बाग

डाळिंबाच्या झाडाला ऐन उन्हाळ्यात मुद्दाम तहानलेलं ठेवावं लागतं, असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. जळोचीला आमच्या घरी आलेल्या एका मावशींनी तर, "अगं, मग एवढं शिकून तू करतेस काय? झाडांना छळतेस?" असं विचारलं होतं. मी फक्त हसले. मला पटकन उत्तर सुचत नाही, आणि सुचतं तोवर समोरच्या माणसाचा चहा संपलेला असतो. ते राहिलेलं उत्तर इथे देते.

डाळिंबाचं झाड आपल्या मनानं वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं. आज या फांदीला दोन फळं, पुढच्या महिन्यात त्या फांदीला एक. घरी खायला ते ठीक, पण त्यावर बाग चालत नाही. म्हणून झाडाला वर्षातून एकदाच, पण सगळ्या अंगानं फुलवायचं असतं. त्यासाठी आधी महिना-दीड महिना त्याचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. झाड सगळे व्यवहार बंद करून आत जाऊन बसतं. बाहेरून बघणाऱ्याला ते मेल्यासारखं वाटतं, पण ते झोपलेलं असतं, आणि झोपेत साठवत असतं. मग एक दिवस भरपूर पाणी द्यायचं. झाड दचकून उठतं आणि पालवीबरोबर कळ्यांनी लाल होतं. जूनच्या तोंडावर उठवलं तर मृग बहार, पावसाळा सरताना उठवलं तर हस्त बहार. बहार घ्यायचा ठरवला की 'धरला' म्हणायचं, नाद सोडला की 'सोडला'.

मी बारामतीतल्या एका लहानशा सल्ला-कचेरीत नोकरी करते. स्कूटीवरून बागा फिरते आणि झाड पुरेसं झोपलंय की नाही ते सांगते. काडी नखानं हलकेच खरवडायची. सालीखाली ओलसर पोपटी रंग दिसला तर झाड अजून जागं आहे. रंग फिकटला, पण काडी मोडताना अजून थोडी लवते, तर झोप लागली. काडी कटकन मोडली तर आपण फार उशिरा आलो. एवढंच माझं कौशल्य. बाकी सगळं काम झाडाच्या मालकाला धीर देण्याचं असतं आणि त्यात मी कच्ची आहे.

कारण झाडाला उपाशी ठेवणं झाडापेक्षा मालकाला जड जातं. वडगाव निंबाळकरचे एक गृहस्थ रोज सकाळी फोन करून "मॅडम, जेवला का?" विचारायचे. मी "हो" म्हणायचे. मग ते हवेचं, रस्त्याचं विचारायचे. शेवटी ते हळूच म्हणायचे, "कोपऱ्यातल्या झाडाकडं बघवंना झालंय." काटेवाडीच्या एका आबांच्या बागेला ताण बसतच नव्हता. दर खेपेला काडी खरवडावी तर आत पोपटी. मी ठिबकच्या नळ्या तपासल्या, शेजारच्या उसाचं पाणी पाझरतंय का ते बघितलं. शेवटी त्यांच्या सुनेनंच सांगितलं, "मामंजी सांजच्याला तांब्या घिऊन जात्यात. एकेका झाडाला घोट घोट पाजत्यात." आबा मान खाली घालून उभे होते. "लेकरागत हायती वो," एवढंच म्हणाले. मी रागवायला हवं होतं. पण मी त्यांच्या हातातला तांब्या बघत राहिले.

असल्या कोमल मनाच्या माणसांना वठणीवर ठेवायला एरवी मे महिना असतो. आमच्याकडचा मे म्हणजे पांढरं आभाळ, तापलेली माती, दुपारी ओस पडणारे रस्ते आणि एखाददुसरा वळीव. वळीव धुरळा उडवून जातो. त्यानं झाडाची झोप मोडत नाही, फार तर कूस बदलते.

त्या वर्षी मे महिना आलाच नाही. म्हणजे कॅलेंडरवर आला, लग्नं झाली, आंबे आले. पण ऊन आलं नाही. पहिला वळीव आला तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग तो रोजच येऊ लागला. दुपार झाली की उजनीच्या बाजूनं आभाळ निळं-काळं होत यायचं, वारा उठायचा, विजा जमिनीजवळ उतरायच्या आणि ओढे पावसाळ्यासारखे तांबडे होऊन वाहायचे. मी बारामतीहून निघून भवानीनगर, लासुर्णे करत इंदापूरच्या दिशेनं जायचे, तेव्हा मला आपण चुकीच्या महिन्यात शिरलोय असं वाटायचं. रस्त्याला सावल्याच नव्हत्या. रसवंतीवाले घुंगरू बांधलेल्या चरकाशेजारी अंगावर चादर घेऊन बसलेले. लग्नाचे मांडव भिजून पोटं सुटल्यासारखे खाली आलेले. शेतातून वाफ उठायची आणि तिच्यात पलीकडचा ऊस तरंगायचा. एका वळणावर भर दिवसा बेडकं ओरडत होती आणि तीन बायका छत्री न उघडता, ती नुसती काखेत धरून, भिजत शांतपणे चालल्या होत्या. कुणालाच घाई नव्हती. जणू सगळा तालुका झोपेत चालत होता.

फक्त आमच्या बागा तेवढ्या जाग्या व्हायला लागल्या होत्या.

निमगाव केतकीच्या पुढे, रस्त्यापासून आत, रशीदाचाचींची बाग आहे. ती त्यांच्या नवऱ्यानं लावली. चाचा गेले, तेव्हापासून चाचीच बघतात. त्यांचा मुलगा सलीम इंदापुरात फ्लेक्स छापायचं दुकान चालवतो. वाढदिवस, लग्न, निवडणूक, दहावीचा निकाल, सगळ्यांचे चेहरे त्याच्या यंत्रातून बाहेर पडतात. सलीमला बागेचा राग नव्हता, कंटाळा होता. लागोपाठ दोन बहार तेल्यानं गेले होते. तेल्या म्हणजे फळावर तेलकट काळे डाग पडून ते उकलतं तो रोग. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो झाडावरून झाडावर जातो. चाचींचे गुडघे गेलेले. सलीमनं एप्रिलमध्येच माझ्यासमोर सांगून टाकलं होतं, "मॅडम, हा मृग बहार शेवटचा. धरला, फळ लागलं, तर अम्मीचं खरं. न्हाय लागलं तर बाग काढायची आन् ऊस लावायचा. उसाच्या उशाशी कुणाला बसावं लागत न्हाय."

"आईच्या उशाशी बसायला लागंल ह्येचं भ्या वाटतंय त्याला," चाची मला म्हणाल्या, पण मुलाला ऐकू जाईल अशा बेतानं.

"तूच बसतीस व्हय निवांत कधी?" सलीम म्हणाला. "बस म्हणलं तर बागेत."

चाची मला सुरुवातीला 'मॅडम' म्हणायच्या, तेही असं लांबवून की मला खाली बघावं लागायचं. नंतर एकदा मी न विचारता त्यांच्या हातातलं घमेलं घेतलं, तेव्हापासून 'पोरी' म्हणू लागल्या. मी त्यांच्याकडे बोलण्यासाठी जायचे नाही. त्या झाडांबद्दल बोलत आणि मी ऐके. माझ्यासारख्या माणसाला असा ग्राहक मिळणं ही चैन असते.

वळीव लागला तेव्हा त्यांची बाग नुकती झोपेला आली होती. पानं बरीच गळली होती. मी काडी खरवडली, रंग फिकटत चालला होता. आणि त्याच दुपारी पाऊस आला. मी, चाची आणि त्या दिवशी आलेला सलीम, तिघंही पत्र्याच्या शेडमध्ये उभे. पावसाच्या आवाजात चाची ओरडून म्हणाल्या, "पोरी, ह्यास्नी आत्ता उठवायचं न्हाय. आत्ता उठली तर सगळं वाया."

सलीम भिजणाऱ्या झाडांकडे बघत होता. पहिला बहार गेल्यानंतर त्याला बागेसाठी असं हळहळताना मी कधी बघितलं नव्हतं.  दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. दुकानात पडलेले सगळे जुने फ्लेक्स त्यानं गोळा करून आणले होते: परत आलेले, काम झाल्यावर उतरवलेले, कुणी न्यायलाच न आलेले. झाडांच्या दोन्ही अंगांनी मातीवर ते अंथरायचे, कडांवर दगड ठेवायचे, म्हणजे पाऊस मुळाशी जाणार नाही. आमच्याकडे फ्लेक्स कशावरही घालतात: कांद्यावर, कडब्यावर, गोठ्यावर, पावसात अडकलेल्या नवरदेवाच्या गाडीवर. झोपलेल्या झाडांच्या पायांवर घातलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"पांढरी बाजू वर करा," मी सुचवलं. पुस्तकात पांढरी बाजू चांगली असते.

"न्हाय," चाची म्हणाल्या. "पांढऱ्यानं उजेड वर फेकतंय. डोळ्यांवर उजेड आला तर झोप लागंल का?"

 चित्रं वर ठेवून फ्लेक्स अंथरले.

दोन-तीन दिवसांनी मी गेले, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. ती बाग मी आयुष्यात विसरणार नाही. पानं गळून नुसत्या काटक्या झालेली झाडं, आणि त्यांच्या पायाशी, ओळीमागून ओळ, आभाळाकडे तोंड करून हसणारी माणसं. हात जोडलेली, गॉगल लावलेली, फेटा बांधलेली. मुकुट घातलेली, पहिल्या वाढदिवसाची एक मुलगी. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांचे बारके बारके गोल. त्यांच्या गालांवर पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यातून ढग जात होते. वारा नव्हता. चाची फ्लेक्सच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं, एकाच्याही तोंडावर पाय पडणार नाही अशा बेतानं, पाय उचलून उचलून चालत होत्या. मी त्यांच्या मागून तशीच चालले. आम्ही कुजबुजत बोलत होतो. का, ते मला सांगता येणार नाही. पण एवढी माणसं आणि एवढी झाडं झोपलेली असताना मोठ्यानं बोलवत नव्हतं.

"हा कोन?" चाचींनी एका मिशाळ चेहऱ्याकडे बोट करून विचारलं.

"उपसरपंच," मागून सलीम म्हणाला.

"चांगला झोपवतोय झाडाला."

"झोपवायचंच काम हाय त्येचं. सभेत पन तेच करतो."

चाची तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. त्या दिवशी मी काडी खरवडली तर आतला रंग फिकट होता. बाग झोपली होती. कचेरीत मी तसं सांगितलं, तर आमचे साहेब म्हणाले, "फ्लेक्सचा फोटो काढला नाहीस?" मला सुचलंच नव्हतं.

पण पाऊस काही आभाळातून येतो तेवढाच नसतो. चाचींची जमीन रस्त्याकडून ओढ्याकडे उतरती आहे. वरच्या ओळींवरच्या फ्लेक्सवरून ओघळलेलं सगळं पाणी खालच्या ओळींत जात होतं. वरची झाडं कोरडी राहिली आणि खालच्यांना दुप्पट पाणी मिळालं. एका चेहऱ्यानं अडवलेलं पाणी दुसऱ्या चेहऱ्याखाली शिरत होतं, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. फ्लेक्सखाली काय चाललंय हे बघायला फ्लेक्स उचलावा लागतो, आणि आम्ही तर वाट वाकडी करून चालत होतो.

मग मोठं वादळ झालं. त्या दुपारी मी वाटेत, लासुर्ण्याच्या एका हॉटेलात अडकले होते. समोरच्या दुकानाचा पत्रा उडून रस्त्यावरून खडखडत गेला आणि भजी तळणाऱ्या माणसानं झारा न सोडता नुसती मान वळवून त्याला जाऊ दिलं. पाऊस ओसरल्यावर मी पुढे गेले. बागेत पोचले तर फ्लेक्स जमिनीवर नव्हते. ते झाडांवर होते. काट्यांत अडकून, फाटून, लोंबत, फडफडत. अर्धा चेहरा इथे, जोडलेले हात तिथे. वाढदिवसाची मुलगी बांधावरच्या बोरीला लटकली होती आणि तरीही हसत होती.

चाची आणि सलीम चेहरे उतरवत होते.

"ह्येला आधी उतरव," चाची म्हणाल्या. "काडी मोडंल त्याच्या वजनानं."

"उपसरपंच हाय, अम्मी. आपनहून उतरत न्हाय."

या खेपेला कुणी हसलं नाही. कारण फ्लेक्स निघाले तशी खालची माती दिसायला लागली होती. चिखल, वाफ, आणि खालच्या ओळींतल्या झाडांना टिचभर लालसर पालवी. ती झाडं कधीच उठली होती. वरच्या ओळी अजून गाढ होत्या. अर्धी बाग जागी आणि अर्धी झोपेत.

आता ठरवायची वेळ होती. दोन वाटा होत्या. एक, राहिलेली पानं औषध मारून गाळायची, हा पाऊस म्हणजेच पहिलं पाणी असं धरायचं, आणि बहार पुढे रेटायचा. त्या दिवसांत निम्म्याअधिक बागांनी तेच केलं. दुसरी, बहार सोडायचा. झाडांना हवी तेवढी पानं येऊ द्यायची, खाऊ-पिऊ द्यायचं, आणि जमलंच तर पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा ताण देऊन हस्त धरायचा. चाचींच्या बाबतीत दुसऱ्या वाटेचा अर्थ वेगळा होता, आणि तो आम्हा तिघांनाही ठाऊक होता. मृग सोडला तर सलीम बाग काढणार होता. त्यानं तसं सांगितलं होतं, आणि त्याच्या दुकानाकडे आणि आईच्या गुडघ्यांकडे बघितलं तर त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं.

चाची शेडच्या दारात बाजेवर बसल्या. गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "सांग पोरी. धरू का सोडू?"

मी एकटीच बागेत गेले. ओळीओळीनं फिरले. प्रत्येक झाडाची काडी खरवडली. खालच्या ओळींत काही कळ्याही दिसायला लागल्या होत्या. डाळिंबाला दोन तऱ्हेच्या कळ्या येतात. एकीचं बूड लहानशा घड्यासारखं गोल असतं. तिचं फळ होतं. दुसरी बुडाशी निमुळती असते. ती फुलते, दोन दिवस लाल दिसते आणि गळून पडते. मला दिसल्या त्या बहुतेक निमुळत्या होत्या. झाडांची झोप पुरी झालेली नव्हती, त्यांच्याजवळ द्यायला काही नव्हतं. त्यात रोजचा पाऊस, कोवळी पालवी. तेल्याला आमंत्रण द्यायची गरजच नव्हती.

मी फिरत होते तसं मला वाटत होतं की एखादं झाड मला खोटं ठरवेल. एखाद्या झाडावर सगळ्या घड्यासारख्या कळ्या असतील, आणि मी 'धरा' म्हणू शकेन. 'धरा' म्हणणं आमच्या धंद्यात सोपं असतं. ग्राहक खूश होतो, औषधं घेतो, पुढचे चार महिने आपल्याला बोलावतो. आणि बहार गेला तर आभाळाकडे बोट दाखवता येतं. 'सोडा' म्हणणाऱ्याकडे मात्र सगळे बघत राहतात.

परत आले, तेव्हा सलीमही बाजेशेजारी उभा होता.

"सोडा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "चाची, सोडा. आत्ता धरलं तर फळ लागणार नाही, आणि झाडं खचतील."

चाचींनी माझ्याकडे बघितलं. मग सलीमकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"ह्येनं सांगून ठिवलं व्हतं व्हय तुला?"

"नाही."

"मंग? तुला ठावं हाय न्हवं, सोडली की काय करनार हाय त्यो?"

"माहीत आहे."

"ठावं असून म्हनतीस."

मी नखात अडकलेली साल काढत राहिले.  सलीम म्हणाला, "अम्मी, तिला कशाला..." आणि थांबला. चाची बाजेवरून उठल्या, पदर खोचला आणि आत चहा ठेवायला गेल्या. चहा आणून त्यांनी माझ्या हातात दिला, पण 'पोरी' म्हणाल्या नाहीत. "घ्या मॅडम," म्हणाल्या. यावेळी लांबवून नाही, साधंच. ते जास्त लागलं.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मी स्वतःहून करणाऱ्यांतली नाही. बाकीच्या बागांची पळापळ चालूच होती. धरलेल्या बागांत फवारण्या, सोडलेल्या बागांत शोक. निमगावच्या बाजूला काम निघालं की मी शक्यतो दुसऱ्या फाट्यानं जायचे. आपण खरं बोललो याचं मला समाधान वाटायला हवं होतं, असं लोक म्हणतात. मला फक्त ती बाग कशी उपटली जाईल ते दिसायचं. जेसीबीचा दात झाडाच्या बुडाशी घालतात आणि नुसतं वर उचलतात. मुळं तुटल्याचा आवाज येतो. एरवी दिवसभरात अख्खी बाग निघते.

महिना संपता संपता कामासाठी मला तोच रस्ता घ्यावा लागला. चाचींच्या वळणावर पिवळा जेसीबी उभा दिसला. मी पुढे निघून जाणार होते. पण जेसीबी वाकडा उभा होता, एका अंगाला कलंडल्यासारखा, आणि चार-पाच माणसं त्याच्याभोवती कमरेवर हात ठेवून बघत होती. मी स्कूटी थांबवली.

तो बागेच्या तोंडाशीच रुतला होता. पुढची चाकं पार आसापर्यंत काळ्या मातीत. चालवणारे दत्ताभाऊ पायरीवर बसून तंबाखू मळत होते.

"म्या आधीच बोललो व्हतो, सलीमभाई," ते म्हणाले. "ही जमीन हाय का खरवस? हितं बैल घालायचा म्हणलं तर त्यो मला शिव्या दील."

"मंग आता?"

"आता हे काढायला दुसरा आना. त्यो अडकला की तिसरा. जेसीबीची बाग लावू हितं."

मागे चाची उभ्या होत्या. त्यांनी पदराआड तोंड लपवलं होतं, पण खांदे हलत होते. मी दिसले तसा पदर बाजूला झाला.

"बघ," त्या मला म्हणाल्या, "त्यालापन सोडायला लागलं."

दुपारी दोन ट्रॅक्टर लावून जेसीबी बाहेर काढला. दत्ताभाऊ सांगून गेले की माती सुकल्याबिगर हात लावत नाही. आणि माती सुकेना. मे संपला, जून आला, पाऊस चालूच. मध्ये दोन दिवस उघडीप मिळाली की सलीम फोन करायचा. दत्ताभाऊ येऊन काठी खुपसून बघायचे आणि चहा पिऊन जायचे. असं होता होता आषाढ लागला. तोवर, ज्यांना कुणी काही मागत नव्हतं ती झाडं, मनाला येईल तशी वाढत होती. खालची आणि वरची, सगळी. मी जुलैत गेले तेव्हा ओळींमधून आरपार दिसत नव्हतं. इतकी गर्द, इतक्या निवांतपणे हिरवी बाग मी कधी बघितली नव्हती; कारण आमच्या धंद्यात झाडांना निवांत कुणी सोडतच नाही. आत उभं राहिलं तर उजेड पोपटी होऊन अंगावर पडायचा. जवळपासच्या, बहार धरलेल्या काही बागांत मात्र उकललेली काळी फळं खाली पडली होती, आणि त्यांतल्या दोघा मालकांना 'धरा' म्हणणारी मीच होते. त्यांच्या बागा तेव्हा बऱ्या दिसल्या होत्या. आजही तिथून जाताना मी स्कूटीचा वेग वाढवते.

सलीम पालवीत हात घालून उभा होता. फांदी वाकवून सोडत होता, पुन्हा वाकवत होता.

"हे आसं कधीच झालं न्हवतं," तो म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही.

माती सुकली, तेव्हाही त्यानं दत्ताभाऊंना फोन केला नाही. मी कारण विचारलं नाही. चाचीही विचारत नव्हत्या. त्या फक्त दुपारी बागेत सतरंजी टाकून आडव्या व्हायला लागल्या होत्या. कधी नव्हे त्या निवांत झाल्या होत्या.

पावसाळा उतरणीला लागला तेव्हा एका सकाळी मला सलीमचा फोन आला. मी कचेरीच्या पायऱ्यांवर होते. आभाळ भरलेलं, पण पडत नव्हतं. फोनमधून मोटरीची घरघर ऐकू येत होती. ठिबकचं पाणी चालू असावं.

"मॅडम, एक इचारायचं हुतं."

"विचारा ना."

"हस्त धरायचा म्हणलं, तर ताण कधीपासनं?"

 डोळ्यांसमोर ती गर्द झाडं आली, आणि समोर ते आभाळ होतं. पाऊस पुन्हा लागला तर ताण बसणार नव्हता. पुन्हा अर्धी बाग झोपेत, अर्धी जागी. त्या वर्षी कुठलाच महिना आपल्या जागेवर नव्हता.

"आजपासून," मी म्हणाले.

"पाऊस येनार न्हाय? खात्री हाय?"

"नाही."

"आँ? म्हंजी खात्री न्हाय?"

"नाही. तरी पाणी बंद करा."

तो हसला. फोन तोंडापासून लांब धरून कुणाला तरी सांगत होता. मग मागून चाचींचा आवाज आला, जवळ येत येत मोठा होत गेलेला, "आरं, मंग बंद कर की! तिला काय इचारत बसलायस, ती काय आभाळात ऱ्हाती का?"

पावलं वाजली. खटका पडल्याचा आवाज आला. मोटरीची घरघर खाली येत येत थांबली. कुणीच फोन ठेवला नाही. पलीकडे मागे राहिलेलं पाणी नळ्यांतून थेंब थेंब गळत होतं, आणि आम्ही तिघंही ते संपेपर्यंत ऐकत राहिलो.